हातड्रिलला स्टँड घ्यावा की जिगवर भागवावे?

प्रश्न
माझ्याकडे १३ मि.मी. चकचे (भोक पाडणारे बिट पकडणाऱ्या जबड्याचे), वायरवर चालणारे हातड्रिल आहे. १८ मि.मी. प्लायवूडची कपाटे करणे आणि ५ मि.मी. जाडीच्या लोखंडी पट्ट्यांना भोके पाडणे, एवढेच माझे काम आहे. प्लायवूडमध्ये डॉवेलची (फळ्या जोडणाऱ्या लाकडी खुंट्यांची) भोके समोरासमोर येत नाहीत आणि पट्टीवर बिट सरकते. स्टँड (हातड्रिल उभे पकडून खाली-वर करणारा खांब), जिग (बिटाला नेमक्या जागी सरळ नेणारा छिद्रांचा साचा) आणि बेंच ड्रिल (टेबलावर बसवायचे ड्रिल यंत्र) यांपैकी काय घ्यावे, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
कपाटासाठी जिगच घ्यावी, कारण सहा फुटी फळी स्टँडखाली उभी करता येत नाही. काम मोठे असले की ड्रिलला सरळ दिशा देणारे साधनच कामावर न्यावे लागते. ८ मि.मी. डॉवेलसाठी कडक केलेल्या पोलादी बुशची (बिट ज्यातून जाते त्या नळीची) जिग पाहावी. नुसत्या प्लास्टिकमधले छिद्र बिटाच्या घर्षणाने लवकर मोठे होते. आपोआप मध्य साधणारी जिग दुकानदार आग्रहाने दाखवतात, पण १८ मि.मी. म्हणून मिळणारे प्लायवूड पुष्कळदा थोडे पातळ भरते, आणि मग एका फळीवर मध्य व दुसरीवर कडेपासूनचे माप धरले की सांधा तेवढाच खाली-वर होतो. म्हणून दोन्ही फळ्यांची दर्शनी बाजू पेन्सिलीने खुणावून जिग नेहमी त्याच बाजूला टेकवावी. लाकडासाठी मध्ये टोक असलेले बिट वापरावे.

प्रतिसाद २
वरील मत लाकडापुरते मान्य आहे. स्टँड घ्यायचाच असेल तर आधी आपल्या ड्रिलची मान (चकमागचा गोल भाग) मोजावी: बहुतेक स्टँडची पकड ४३ मि.मी. मानेसाठी असते आणि बॅटरीवरच्या अनेक ड्रिलना अशी मानच नसते. दुकानातच ड्रिल बसवून, खाली आणून चक आडवा हलवून पाहावा; तिथे ढिलाई जाणवली तर घरी ती कमी होणार नाही. चकमध्ये वाकवलेली तार धरून चक हाताने फिरवावा आणि तारेचे टोक तळपाटाला सगळीकडे सारखेच टेकते का, हे तपासावे. गुण्या लावण्यापेक्षा ही परीक्षा अधिक काटेकोर आहे.

लोखंडाच्या बाबतीत खरी अडचण वेगाची आहे. साध्या पोलादात १० मि.मी.च्या हायस्पीड स्टीलच्या बिटासाठी मिनिटाला सुमारे ८०० फेरे पुरतात, तर हातड्रिल पूर्ण वेगात २,५०० च्या पुढे जाते. शिवाय दाब दिला की हलक्या स्टँडचा खांब वाकतो आणि भोक पुन्हा तिरके होते. लोखंडाचे काम नियमित असेल तर पट्टा बदलून वेग कमी करता येणारे बेंच ड्रिल घ्यावे, जुने असले तरी चालेल.

प्रतिसाद ३
पट्ट्या एकसारख्याच असतील तर मला बेंच ड्रिलचा खर्च अनावश्यक वाटतो. एक जाड पट्टी वर्कशॉपमधून अचूक भोके पाडून आणावी आणि तीच जिग म्हणून वर क्लॅम्प करून ३ मि.मी.ची पहिली भोके पाडावीत. नंतर ती मोठी करताना बिट सरकत नाही. एकेकटी भोके पाडताना मात्र सेंटर पंचाचा (खूण खोलगट करणाऱ्या टोकदार हत्याराचा) ठोका टाळू नये. पट्टी हाताने धरू नये, वाइसमध्येच (शिकंज्यात) आवळावी, आणि हातमोजे घालू नयेत, कारण ते फिरत्या बिटात अडकतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पट्ट्या एकसारख्याच आहेत, त्यामुळे सध्या पोलादी बुशची जिग आणि एक वाइस घेतो. ड्रिलची मान मोजली, ती ४३ मि.मी.च आहे, पण स्टँडचा निर्णय चक हलवून पाहिल्यानंतरच घेईन.