बुद्ध हे नाव आहे का? नाव आणि पदवी यातला फरक कोणी नीट सांगेल का

त्रिमूर्तीनगरचा_बाप
नमस्कार मंडळी. रविवारी पोरीला घेऊन दीक्षाभूमीला गेलो होतो. आठवीत आहे, प्रश्न विचारून विचारून डोकं खाते. स्तूपाच्या आत मूर्तीसमोर उभं असताना म्हणे, बाबा, यांचं नाव बुद्ध होतं ना? मी म्हटलं हो. मागे पांढऱ्या साडीत एक आजी बसल्या होत्या त्या हसल्या, म्हणाल्या, नाही गं बाई, नाव सिद्धार्थ, बुद्ध तर ते मग झाले. झालं, घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून तेच विचारून राहिली, की नावानं पण हाक मारतात न पदवीनं पण हाक मारतात तर फरक काय. मी ठोकून दिलं की पदवी मोठ्या माणसाची असते. तर म्हणे आपल्या चौकातल्या पंक्चरवाल्या काकांचं नाव राजा आहे, मग ते? आता याच्यावर मी काय बोलणार. ऑनलाइन फॉर्म भरताना टायटल म्हणून जे श्री, सौ., डॉ. निवडायला देतात ते यातच येतं का तेही सांगा. सोप्या भाषेत सांगा, पुढे मला तिला समजवायचंय.

संत्राबर्फी
राजा पंक्चरवाला हेच तुमचं उत्तर आहे भाऊ. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. नाव खरं असावं लागत नाही. लक्ष्मी नावाच्या बाईजवळ पैसा नसला तरी ती लक्ष्मीच, कोणी तिचं नाव काढून घेत नाही. पण डॉक्टर नसताना कोणी नावापुढे डॉ. लावलं तर आपण त्याला भोंदू म्हणतो. म्हणजे पदवीमागं काहीतरी घडलेलं पाहिजे, शिक्षण म्हणा, नेमणूक म्हणा, नाहीतर लोकांनी मान दिला असेल.
पोरीला सोपी युक्ती सांगा. शब्दाच्या आधी "माजी" लावून बघायचं. माजी आमदार चालते, माजी सरपंच चालते. माजी सुरेश? हसतील लोक.

महालकर
संत्राबर्फी, "माजी"ची युक्ती आवडली पण बुद्धावरच फसते ना बापा, माजी बुद्ध कोण म्हणते? माह्या मते आजींनी जो शब्द वापरला तोच धरा, "झाले". डॉक्टर झाला, पाटील झाला, बुद्ध झाले. सिद्धार्थ कोणी होत नाही, सिद्धार्थ नाव ठेवतात. बुद्ध म्हणजे जागा झालेला, ते मुळात त्यांचं वर्णन आहे. आणि बौद्ध परंपरेत गौतमाच्या आधीही बुद्ध होऊन गेले असं मानतात, दीपंकर, कश्यप वगैरे, म्हणून तर "गौतम बुद्ध" म्हणावं लागतं, कोणते बुद्ध ते कळायला. ख्रिस्ताचंही तसंच. लोकांना वाटते येशू हे नाव आणि ख्रिस्त आडनाव. ख्रिस्त म्हणजे ग्रीकमध्ये अभिषेक झालेला, हिब्रूतल्या मशीहाचा तो अनुवाद. वर्धमान आणि महावीर, हेही बघा.
आता आपल्या गावचं सांगतो, मी महाल भागात राहतो त्यामुळे हे आमच्या अंगणातलं आहे. नागपूरकर भोसल्यांचा किताब होता सेनासाहेब सुभा. सातारच्या शाहू महाराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवानं, दिलेला. आधी तो कान्होजी भोसल्यांकडे होता, मग शाहू महाराजांची मर्जी फिरली आणि तोच किताब घरातल्याच रघुजींकडे आला. कान्होजी त्यानंतरही कान्होजीच होते, त्यांचं नाव कोणी काढून रघुजींना दिलं नाही, गेला तो किताब. रघुजी वारले 1755 मध्ये तर पोरांमध्ये भांडण लागलं की सेनासाहेब सुभा कोण, जानोजी का मुधोजी. नावासाठी भाऊ भाऊ भांडतात काय कधी?
आणि ज्यानं नागपूर वसवलं तो गोंड राजा बख्त बुलंद शहा, त्याचं तर अजूनच गमतीचं आहे. बख्त बुलंद हे त्याला औरंगजेबाच्या दरबारातून मिळालेलं, अर्थ काय तर नशीब बलवत्तर असलेला. आज ते नाव म्हणूनच चालते, अर्थ कोणाच्या डोक्यातही येत नाही.

धरमपेठी
महालकर, पण रघुजीही तीन झाले, पहिला दुसरा तिसरा. मग नाव एकाचंच असते हे कुठं राहिलं?

महालकर
नाव एकाचंच असते असं मी म्हटलंच कुठी बे 😄 आमच्याच वर्गात चार प्रशांत होते, त्यांच्यात सारखं काय होतं, काहीच नाही, एक तर अभ्यासात माह्याहूनही मागं. पण तीन सेनासाहेब सुभे घेतले तर तिघांचं काम एक, अधिकार एक, मानही तोच. तीन रघुजी म्हणजे आज्याचं नाव नातवाला ठेवायची हौस. तिसरे रघुजी 1853 मध्ये वारले, वारस नव्हता, 1854 मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. घरात रघुजी नावाचं पोट्टं नंतर किती का जन्मेना, राज्य काही परत येत नव्हतं.

वकील_सिव्हिललाईन्स
कायद्याचं थोडं सांगतो, कारण लोक लग्नपत्रिकेत काय काय छापतात ते बघून मला कायम हसू येतं. घटनेचं कलम 18 म्हणतं की लष्करी आणि शैक्षणिक सोडून कोणताही किताब सरकार देणार नाही. इंग्रजांच्या काळात रायबहादूर, खानबहादूर, सर असं वाटत होते, ते बंद करायचं होतं. मग भारतरत्न, पद्मश्री कसे चालतात? यावर केस झाली आणि 1995 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे पुरस्कार आहेत, किताब नाहीत, म्हणून ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. म्हणजे अमक्याला पद्मश्री मिळाली हे लिहू शकता, पण "पद्मश्री अमुक तमुक" ही पाटी लावू शकत नाही. नावाला चिकटला की किताब, वेगळा ठेवला की पुरस्कार, एवढ्याशा जागेवर कोर्टानं फरक केलाय आणि मला तो फार आवडतो. डॉ. मात्र चालतं, ती शैक्षणिक पदवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यातलं डॉ. कोलंबिया आणि लंडनमधून कमावलेलं, नाव भीमराव, आणि बाबासाहेब ना सरकारनं दिलं ना विद्यापीठानं, ते लोकांनी दिलं.
फॉर्ममधलं श्री, सौ. हे नुसते आदराचे शब्द, ते मिळवावे लागत नाहीत. तिथं डॉ. त्याच यादीत टाकतात म्हणून गोंधळ होतो.
जाता जाता, नागपुरात कोणी "टायटल क्लिअर आहे का" विचारलं तर तो प्लॉटबद्दल विचारून राहिला, पदवीबद्दल नाही 😀 ते टायटल म्हणजे मालकी हक्क, त्याला आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा.

गोकुळपेठची_ताई
मी एक वेगळंच सांगते. माझे सासरे शाळेत हेडमास्तर होते, सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची, दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत. ते गेले तेव्हा आम्ही पेपरात पूर्ण नावानं बातमी दिली. शेजारच्या दोन काकू तेराव्याला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, अहो बातमी वाचली होती पण ते आपले गुरुजी आहेत हे कळलंच नाही. तीस वर्षं समोरासमोर राहून त्यांना नावच माहीत नव्हतं. शहरात गुरुजी शेकड्यानं असतील, पण आमच्या गल्लीत गुरुजी म्हटलं की एकच माणूस. मग ते नाव नाही तर काय म्हणायचं त्याला?

संत्राबर्फी
ताई, वाचून गलबललं. हे असं होतंच. पदवी एका माणसाला इतकी घट्ट बसते की नावाचं काम तीच करायला लागते. आपले तुकडोजी महाराजच घ्या, घरचं नाव माणिक, तुकडोजी हे गुरूंकडून आलेलं, महाराज आदरानं, वरून राष्ट्रसंत. 2005 मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं तर पाटीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज असं सगळं आलं, माणिक कुठंच नाही. (आणि महाराज म्हटलं की लग्नात स्वयंपाक करणाराही महाराजच, तो विषय वेगळा.)
उलटा प्रवासही आहे. सीझर हे रोममधल्या एका घराण्याचं नाव, त्याचं पुढे जर्मनांनी कैसर केलं आणि रशियात झार, राजाची पदवीच झाली ती.

धरमपेठी
आणि आडनावं? पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, हे सगळे हुद्देच होते ना. मुलकी पाटीलकी तर 1962 च्या कायद्यानं बंद झाली. आज पाटील आडनावाचा माणूस आयटीत काम करून राहिला, शेत नाही का चावडी नाही, तरी पाटीलच. आणि गावात पोलीस पाटील अजूनही आहे, ते खरंच पद आहे, त्याचं आडनाव मेश्राम असू शकते. म्हणजे एकाच गावात पाटील जो पाटील नाही आणि मेश्राम जो पाटील आहे. आमच्याकडे अजूनही तलाठ्याला पटवारी म्हणतात, आणि पटवारी आडनावाचाच तलाठी आला तर काय म्हणायचं त्याला?

महालकर
पटवारी पटवारी 😂

गोकुळपेठची_ताई
"माजी"वरून मला एक सुचलं, मघाशी राहून गेलं. लग्नाआधी मी कुलकर्णी होते. कोणी मला "माजी कुलकर्णी" म्हणत नाही, पत्रिकेत किंवा श्रद्धांजलीत "पूर्वाश्रमीच्या कुलकर्णी" लिहितात. संन्यास घेतलेल्यांच्या जुन्या नावालाही पूर्वाश्रमीचं नाव म्हणतात. म्हणजे पद गेलं की माजी आणि नाव गेलं की पूर्वाश्रमीचे, मराठीत दोघांना शब्दच वेगळे आहेत. आणि आमच्या खापरपणजोबांकडे खरंच कुलकर्णीपण होतं असं घरी सांगतात, ते गेलं तेव्हा ते माजी कुलकर्णी झाले असतील. मी पूर्वाश्रमीची.

त्रिमूर्तीनगरचा_बाप
ताई हे जबरदस्त. पोरीला सगळं वाचून दाखवलं. मेश्राम पाटलावर खूप हसली, सेनासाहेब सुभा म्हणता म्हणता जीभ वळेना. आणि लगेच वहीत दोन रकाने पाडले, माजी आणि पूर्वाश्रमीचे. सिद्धार्थ पूर्वाश्रमीच्या रकान्यात टाकलं. बुद्ध कुठं टाकायचं ते तिला ठरवता येईना, कारण महालकर म्हणतात तसं माजी बुद्ध होतच नाही, तर तिनं दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलंय. आता परत आजींना विचारायला जाऊ म्हणते, या रविवारी. त्या तिथंच भेटतील असं धरून चाललीय.