घरकुलाची शिक्षा बाजूला ठेवून ‘विकासपुरुष’ म्हणायचं?

तापीकाठचा: “आजचं जळगाव सुरेशदादांनी घडवलं, घरकुल म्हणजे निव्वळ राजकीय सूड” ही पोस्ट काल वाचली आणि डोकं फिरलं. दादा म्हणजे सुरेश जैन, आणि घरकुल म्हणजे गरिबांसाठी घरं बांधायच्या जळगाव पालिकेच्या योजनेतला घोटाळा. 2006 मध्ये फिर्याद दिली ती विरोधी पक्षाने नाही, पालिकेच्याच आयुक्तांनी, प्रवीण गेडाम यांनी. मार्च 2012 ला जैन यांना अटक झाली. 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी धरलं. जैन यांना सात वर्षं आणि शंभर कोटी दंड, गुलाबराव देवकरांना पाच वर्षं. तेव्हा एक शिवसेनेचा, दुसरा राष्ट्रवादीचा, दोघेही माजी मंत्री. मग सूड कोणी कोणावर उगवला? अकरा हजारांवर घरं बांधायची होती, झाली जेमतेम दीड हजार. ठेकेदाराला मात्र बिनव्याजी आगाऊ रक्कम मिळाली.

नवीपेठकर: निकाल मलाही माहीत आहे. अपील झालंय, उच्च न्यायालयाने जामीन दिलाय, तेही लिहा की. नऊ वेळा आमदार असाच होतो का कोणी? माझे वडील हातगाडीवर कपडे विकायचे. दादांच्या काळात पालिकेची व्यापारी संकुलं झाली तेव्हा त्यांना गाळा मिळाला, डोक्यावर छत आलं. आमच्या घरात त्यांच्याविरुद्ध शब्द ऐकून घेणार नाही.

तापीकाठचा: जामीन म्हणजे निर्दोष नव्हे. आणि नऊ वेळा निवडून देणाऱ्या त्याच लोकांनी 2014 ला पाडलं.

मेहरूणवाली: गाळ्यांचा विषय काढलाच आहे तर बोलूच. 2012 ला गाळ्यांच्या भाडेकराराची मुदत संपली, तिथून भाडं किती, दंड किती, नूतनीकरण की लिलाव, यात वर्षामागून वर्षं गेली. पालिकेला हक्काचं उत्पन्न मिळेना आणि दुकानदाराची टांगती तलवार हटेना.

नवीपेठकर: दुकानदारांनाच चोर ठरवताय? बाजारभावाने भाडं लावलं तर छोटा माणूस उठेल तिथून!

मेहरूणवाली: चोर कोणी म्हटलं? नीट वाचा. मोक्याची जागा पालिकेची आणि भाडं जुनं, मग रस्त्याला पैसा येणार कुठून? शहराच्या बोकांडी हुडकोचं, म्हणजे घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेचं कर्ज होतं, ते फेडायचं कोणी?

नवीपेठकर: खड्डे दादांनी पाडले नाहीत. पालिकेची सतरा मजली इमारत उभी राहिली तेव्हा बाहेरगावचे पाहुणे मान वर करून बघायचे.

गिरणाकाठ: सतरा मजली बघून कोणाचं पोट भरत नाही. पिंप्राळ्याच्या बाजूला अर्धवट घरांचे सांगाडे आम्ही पोरं असताना पाहिलेत. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, भिंतीतून सळया बाहेर आलेल्या, आत बाभळी. गरिबाच्या नावावर कर्ज काढलं आणि गरीब झोपडीतच राहिला. मला राग याचा आहे.

नवीपेठकर: आणि दादांवर आरोप करणारे अण्णा हजारे? भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या सावंत आयोगाने त्यांच्या ट्रस्टवरही ठपका ठेवला होता, ते कोणी बोलत नाही.

तापीकाठचा: ठेवला होता, मान्य. त्याच आयोगाने जैन यांच्यावरही ठेवला होता, तेवढंच कसं विसरलात?

नवीपेठकर: ठीक आहे, घरकुलात चुकलं. आगाऊ रक्कम द्यायला नको होती, एवढं लिहून देतो. पण माझ्या वडिलांना गाळा मिळाला तोही खरा, आणि तो त्यांनी कोणाला पैसे चारून घेतला नव्हता.

मेहरूणवाली: त्या गाळ्याचं थकलेलं भाडं भरलंत का, ते सांगा आधी.

नवीपेठकर: माझ्या वडिलांवर जाऊ नका, ताई.