लुइस्टन, 1965 : लिस्टन पडला की आडवा झाला?

नीलकोपरा

मुष्टियुद्धातल्या नुरा कुस्तीचा विषय निघाला की गाडी हमखास लुइस्टनवर येऊन थांबते. 25 मे 1965, अमेरिकेतलं मेन राज्य, कापडगिरण्यांचं गाव, आइस हॉकीचा हॉल आणि जेमतेम 2,434 प्रेक्षक. हेवीवेट जगज्जेतेपदासाठी या दोघांची ही दुसरी लढत. पहिल्याच फेरीत विजेत्या मुहम्मद अलीचा एक आखूड उजवा ठोसा बसला, माजी विजेता सनी लिस्टन आडवा झाला आणि हॉलभर "फिक्स, फिक्स" असा ओरडा सुरू झाला. तो अजून थांबलेला नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: ठोसा खरा होता. संशय माजला तो रेफरी आणि टाइमकीपर यांनी घातलेल्या घोळामुळे.

फिल्म हळू करून बघा. लिस्टन डावा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकत पुढे येतोय, अंगाचा सगळा भार पुढच्या डाव्या पायावर आहे. अली मागे सरकून जॅब हुकवतो आणि त्याच जॅबच्या वरून उजवा खाली आणतो. लिस्टनचा डावा पाय कॅनव्हासवरून उचलला जातो. भार ज्या पायावर आहे तोच पाय उचलून दाखवणं नाटकात जमत नाही. ठोसा लांबून फिरवलेला नाही म्हणून किरकोळ दिसतो. पण समोरचा स्वतःहून आत येत असेल तर त्याचा वेगही ठोशात मिसळतो.

आता घोळ. नियम असा की समोरचा पडला की उभ्या असलेल्याने न्यूट्रल (दोघांपैकी कुणाचाच नसलेल्या) कोपऱ्यात जायचं, आणि तो जाईपर्यंत रेफरीने मोजणी सुरू करायची नाही. दहा होईपर्यंत पडलेला उठला नाही तर तो बाद. टाइमकीपर रिंगबाहेरून आकडे मोजतो, रेफरी ते उचलतो आणि पडलेल्याला ऐकू जातील असे म्हणतो. 1927 साली शिकागोत जॅक डेम्प्सी प्रतिस्पर्ध्याला पाडून कोपऱ्यात जायला रेंगाळला आणि पडलेल्या जीन टनीला उठायला सुमारे 14 सेकंद मिळाले, ते याच नियमापायी. लुइस्टनला अली लिस्टनच्या उशाशी उभा राहून "उठ, लढ" म्हणून ओरडत होता, नंतर रिंगभर नाचत सुटला. रेफरी जर्सी जो वॉलकॉट त्याला आवरायच्या नादात मोजणी उचलायलाच विसरला. लिस्टन उठला, वॉलकॉटने त्याचे ग्लोव्ह्ज पुसले. मग दोघांना तसंच सोडून तो दोरांकडे गेला, कारण तिथून 'द रिंग' मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर ओरडत होते की लिस्टन केव्हाच बाद झालाय. परत येऊन त्याने लढत थांबवली. फ्लायशर त्या रात्री कुठल्याही अधिकारावर नव्हते. टाइमकीपर फ्रान्सिस मॅकडोनो यांचं म्हणणं, आपण 22 पर्यंत मोजलं. अधिकृत वेळ जाहीर झाली एक मिनिट. फिल्मवर नॉकडाउन 1:44 ला आहे आणि शेवट 2:12 ला. इतका सावळागोंधळ कुणी ठरवून करत नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भावताव

असहमत. ठोसा लागला हे मान्य. लिस्टनला एवढा वेळ झोपवण्याइतका लागला हे अमान्य. 1954 मध्ये मार्टी मार्शल या बॉक्सरने याच माणसाचा जबडा मोडला होता आणि तरी तो आठही फेऱ्या उभा राहून लढला. असा माणूस त्या एका उजव्याने जातो?

आणि पडल्यानंतरचं बघा ना. लोळतो, एका गुडघ्यावर येतो आणि पुन्हा पाठीवर पसरतो. ते दुसरं पसरणं ज्याला खरं वाटतं त्याला साष्टांग नमस्कार. लिस्टनच्या कमाईवर फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो या टोळीवाल्यांचा हात होता हे 1960 मध्ये अमेरिकी सिनेटच्या कीफॉवर समितीपुढे आलेलं आहे. 1961 मध्ये कार्बोला 25 वर्षांची आणि पालेर्मोला 15 वर्षांची शिक्षा झाली, ती दुसऱ्या एका बॉक्सरच्या कमाईत वाटा मागून धमकावल्याबद्दल. गडी आत गेले म्हणून धंदा बंद पडला असं समजायचं का?

पैसा बाजूला ठेवा. फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्सचा खून झाला होता. अली ज्या 'नेशन ऑफ इस्लाम' संघटनेत होता तिच्यातूनच फुटून निघालेला हा नेता. बदला घ्यायला बंदूकधारी लुइस्टनकडे निघालेत अशी वदंता होती, दारावर पोलीस प्रेक्षकांची झडती घेत होते. लवकर पडून सुखरूप घरी जाणं हेही एक कारण असू शकतं.

घंटावाला

भावताव, जबड्याचं उदाहरण इथे लागू पडत नाही. जबडा मोडणं हा हाडाचा मामला, त्यात दुखतं पण शुद्ध आणि तोल राहतो. नॉकडाउन होतो तो डोकं झटक्यात फिरल्यामुळे. येणारा ठोसा दिसला तर मानेचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि डोकं कमी फिरतं. लिस्टनचं लक्ष स्वतःच्या जॅबवर होतं, ठोसा त्याच्या पसरलेल्या हातावरून आला. न दिसलेला मध्यम ठोसा हा दिसलेल्या जबर ठोशापेक्षा वाईट, हे कुठलाही कोपऱ्यातला माणूस (बॉक्सरच्या कोपऱ्यात असणारा प्रशिक्षक किंवा मदतनीस) सांगेल.

गुडघ्यावरून परत पडण्याचं म्हणाल तर उठताना एक ग्लोव्ह कॅनव्हासवर टेकलेला असतो, म्हणजे चेहरा उघडा. वर अली हात उगारून उभा. तो कोपऱ्यात गेलेला नाही म्हणजे उठल्या क्षणी मारणार. लिस्टनने नंतर सांगितलं की मोजणी ऐकूच आली नाही. वॉलकॉटने ती म्हटलीच नव्हती, मग ऐकू कुठून येणार?

अवांतर: 15 मे 1953 ला शिकागोत याच वॉलकॉटला मार्सियानोने पहिल्याच फेरीत पाडलं होतं. तो कॅनव्हासवर बसून राहिला, दहा झाले, आणि मग तो उठला. रेफरीने मोजणी भराभर केली अशी तक्रार त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी केली. मोजणीच्या घोळाचा इतका अनुभव गाठीशी असलेला रेफरी शोधून सापडला नसता.

नवशिका

माझा बाळबोध प्रश्न. लढत ठरवलेली असेल तर पैसा कुठेतरी दिसायला हवा ना? सट्ट्याचे भाव काय सांगतात?

भावताव

चांगला प्रश्न. आधी सिद्ध झालेलं प्रकरण बघा, म्हणजे मोजपट्टी मिळेल. 14 नोव्हेंबर 1947, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जेक लामोटा विरुद्ध बिली फॉक्स. फॉक्सचा मॅनेजर तोच पालेर्मो. लढतीआधी फॉक्सवर इतका पैसा लागला की भाव उलटले आणि बुकींनी पैजा घेणंच बंद केलं. लामोटाला आडवं पडणं जमेना, तो दोरांना टेकून मार खात राहिला आणि चौथ्या फेरीत रेफरीला लढत थांबवावी लागली. न्यूयॉर्कच्या कमिशनने (मुष्टियुद्धावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने) काय केलं? दुखापत लपवली म्हणून 1,000 डॉलर दंड आणि सात महिने बंदी. बस. 1960 मध्ये लामोटाने कीफॉवर समितीपुढे कबूल केलं की लढत सोडली, म्हणजे मुद्दाम हरलो. एक लाख डॉलरची लाच नाकारली होती म्हणे, विजेतेपदाच्या लढतीची संधी मिळावी म्हणून सोडली. ती संधी 1949 मध्ये मिळाली, तीही वर 20,000 डॉलर मोजून, आणि तेव्हाचा विजेता मार्सेल सेर्दां याला हरवून तो विजेता झाला.

म्हणजे बघा: कबुली यायला 13 वर्षं लागली, आणि मोबदला रोख नव्हता, पुढच्या लढतीत होता. लुइस्टनच्या रात्रीचे भाव स्वच्छ दिसले म्हणून लढत स्वच्छ, असं म्हणता येत नाही.

कागदपत्रे

भावांचंच बोलायचं तर सगळे चुकीच्या लढतीकडे बघताय. संशयाला जागा आहे ती अली-लिस्टनच्या पहिल्या लढतीत, 25 फेब्रुवारी 1964, मायामी बीच. भाव होता सातास एक, लिस्टनच्या बाजूने. क्लेवर (अलीचं आधीचं नाव कॅशियस क्ले, तेव्हा तो क्लेच) शंभर लावले तर सातशे सुटत होते. लुइस्टनला हा भाव पार खाली आला होता. कमवायचं असेल तर मायामीत कमवायचं.

तिथे लिस्टन सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही, डावा खांदा गेला म्हणून. कमिशनने त्याचं मानधन अडकवून ठेवलं, डॉक्टरांनी तपासलं, तर डाव्या बायसेप्सचा स्नायुबंध फाटलेला निघाला. इथपर्यंत ठीक. पण लढतीआधीच इंटरकॉन्टिनेंटल प्रमोशन्स या कंपनीने क्लेच्या पुढच्या लढतीचे हक्क 50,000 डॉलरला घेऊन ठेवले होते, आणि त्या कंपनीत लिस्टनचा हिस्सा होता! हरला तरी पुढच्या लढतीचा नफा घरात. सिनेटच्या उपसमितीने मार्च 1964 मध्ये यावरच चौकशी केली. गुन्हा काही निघाला नाही, पण परतीच्या लढतीचा असा करार मान्य नाही म्हणून डब्ल्यूबीए या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेने अलीचं पद काढून घेतलं. लुइस्टनच्या लढतीला त्यांची मान्यताच नव्हती.

2014 मध्ये वॉशिंग्टन टाइम्सने माहितीच्या कायद्याखाली एफबीआयची जुनी टिपणं मिळवली. त्यात ह्यूस्टनच्या एका जुगाऱ्याची जबानी आहे. लास वेगासचा कॅसिनोवाला अॅश रेझनिक त्याला आधी लिस्टन जिंकेल म्हणाला आणि ऐन वेळी पैसे लावू नकोस म्हणाला. टिपण पहिल्या लढतीबद्दल आहे. अलीला यातलं काही ठाऊक असल्याचं त्यात नाही.

नीलकोपरा

कागदपत्रे, करार संशयास्पद आहे हे सोळा आणे खरं. पण मायामीची पाचवी फेरी विसरू नका. चौथ्या फेरीनंतर क्लेच्या डोळ्यांची आग आग होत होती, त्याला दिसेना, तो ग्लोव्ह्ज काप म्हणत होता. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने स्पंजने डोळे धुतले आणि त्याला रिंगमध्ये ढकललं. लिस्टनच्या जखमेवर किंवा खांद्यावर लावलेलं औषध ग्लोव्ह्जवरून डोळ्यांत गेलं, हा सर्वमान्य तर्क. काही जण तर म्हणतात मुद्दाम लावलं. मुद्दाम असेल तर हरायचं ठरवलेला कोपरा समोरच्याला आंधळा कशाला करेल? चुकून असेल तरी लिस्टनने ती फेरी जीव तोडून ठोसे फेकण्यात घालवली. सहा फेऱ्यांनंतर गुण बरोबरीत होते. हरायलाच आलेल्याची ही लक्षणं नव्हेत.

जुनाखेळ

लढत सोडली असं खुद्द हरलेलाच सांगतो तेव्हा लोक लगेच विश्वास ठेवतात, त्यावर एक उतारा. हेवीवेट विजेता जॅक जॉन्सन विरुद्ध जेस विलर्ड, हवाना, 5 एप्रिल 1915. जॉन्सन 26 व्या फेरीत पडला आणि पुढे म्हणत राहिला की अमेरिकेतला खटला मिटावा म्हणून मी ठरवून हरलो. पुरावा काय, तर पाठीवर पडलेला असताना डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून हात धरल्याचं छायाचित्र. अहो, 45 फेऱ्यांची लढत, क्यूबाचं ऊन आणि 37 वर्षांचा माणूस. ठरवून हरायचं तर 26 फेऱ्या मार कोण खाईल? विलर्ड तेच म्हणाला: हरायचंच होतं तर जरा आधी हरायचं, केवढं उकडत होतं. आणि खटला मिटलाच नाही, 1920 मध्ये परतल्यावर जॉन्सनला तुरुंगात जावंच लागलं.

भावताव

जुनाखेळ, सौदा फिसकटला म्हणजे सौदा नव्हता असं होत नाही. पण हवाना सोडून देतो, तिथे मलाही दम दिसत नाही.

पेन्सिल

तुम्ही सगळे पडणाऱ्याकडे बघताय. आजच्या काळात पाडायची गरजच नाही. बारा फेऱ्या, फेरी जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला 9. सात-पाच फेऱ्यांचा निकाल म्हणजे 115-113. अटीतटीची एक फेरी इकडची तिकडे केली की 114-114, दोन केल्या की निकाल उलटा, आणि प्रत्येक फेरीचं समर्थनही करता येतं.

13 मार्च 1999, लेनॉक्स लुइस विरुद्ध इव्हँडर होलीफिल्ड, तिन्ही मोठी पदं पणाला. ठोशांची नोंद: लुइसचे 613 पैकी 348 लागले, होलीफिल्डचे 385 पैकी 130. निकाल बरोबरी! एका जजने 116-113 लुइसला दिले, दुसऱ्याने 115-115, आणि युजेनिया विल्यम्स यांनी 115-113 होलीफिल्डला. पाचव्या फेरीत 43 विरुद्ध 11 ठोसे असताना ती फेरीही त्यांनी होलीफिल्डला दिली. चौकश्या झाल्या, लाच सिद्ध झाली नाही.

सिद्ध झालं ते वेगळंच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयबीएफ या मुष्टियुद्ध संघटनेचा अध्यक्ष रॉबर्ट ली याच्यावर क्रमवारीत बॉक्सर वर चढवायला पैसे घेतल्याचा खटला भरला. आर्थिक गुन्हे आणि करचुकवेगिरीत तो दोषी ठरला, 22 महिन्यांची शिक्षा झाली. क्रमांक एकचा बॉक्सर म्हणजे सक्तीचा आव्हानवीर. तो विकत घेतला की विजेत्यापुढे कच्चं भक्ष्य उभं करता येतं आणि रिंगमधली लढत अगदी प्रामाणिक असते. त्यात कुणाला खोटं पडावं लागत नाही.

घंटावाला

पेन्सिल यांच्याशी सहमत, पण 348 विरुद्ध 130 हा आकडा पूर्ण लढतीचा आहे. गुण फेरीनिहाय असतात. चार फेऱ्यांत कुटून काढलं आणि बाकीच्या थोडक्यात गेल्या तर एकूण ठोसे जास्त असूनही हरता येतं. ती पाचवी फेरी मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही.

लुइस्टनबद्दल अजून एक. लढत मुळात 16 नोव्हेंबर 1964 ला बोस्टनला होती. तीन दिवस आधी अलीचं हर्नियाचं तातडीचं ऑपरेशन झालं. लिस्टनने त्या तारखेसाठी कसून मेहनत केली होती. ज्याचं खरं वय कुणालाच नक्की ठाऊक नाही अशा माणसाला ती तयारी सहा महिने टिकवता येत नाही. मेमध्ये रिंगमध्ये आला तो नोव्हेंबरचा लिस्टन नव्हता.

भावताव

म्हणजे थकलेला, घाबरलेला, आणि जिंकून फारसं काही पदरात पडणार नाही हे कळलेला. घंटावाले, तुम्ही माझीच बाजू मांडताय. मी कुठे म्हणतोय की अलीच्या गोटाने पाकीट दिलं? ठोशाने तो पडला. त्या 28 सेकंदांत लिस्टनला उठता येत होतं आणि त्याने पहिले दहा जाऊ दिले, एवढंच माझं म्हणणं आहे.

नीलकोपरा

त्याला फिक्स म्हणत नाहीत, माघार म्हणतात. फिक्सला आधी ठरलेलं लागतं. आणि माघारच घ्यायची होती तर लिस्टन उठून पुन्हा हात वर करून अलीसमोर का उभा राहिला? वॉलकॉट दोरांकडे गेला नसता तर लढत चालूच राहिली असती.

भावताव

दहा होऊन गेल्यावर उठायला काय जातंय?