घण नको, आधी फुलवलेली कड कापा

जुन्या विलीज जीपचे खराब स्टड, म्हणजे चाक ज्यांवर नटांनी आवळतात ते बोल्ट, घणाने मागे ठोकून पाडा, असा सल्ला एकाने दिलाय. कृपा करून तसं करू नका. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हब (चाकाचा मधला फिरता भाग) आणि ब्रेकचा ड्रम या स्टडनीच एकमेकांना जखडलेले असतात. स्टड हबच्या मागून घालून ड्रमच्या बाहेरच्या तोंडावर त्याचा खांदा दाबून फुलवलेला असतो. तसाच ठोकला की ती फुललेली कड भोकातून ओढली जाते, भोक मोठं होतं आणि मग नवा स्टड धरतच नाही. नट आवळायला गेलं की स्टडच गरगर फिरतो. ड्रम वाकडा झाला तर तो दुसरा आणणार कुठून?

स्टडवर बसेल असा पोकळ, दातेरी कटर लागतो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतला जाणता टर्नर तो बनवून देईल. ड्रिल मशीनवर सावकाश चालवा. स्टडभोवतीची चकचकीत रिंग सुटली की लगेच थांबा, ड्रमचं तोंड खायचं नाही. मग स्टडच्या डोक्याभोवती हबला जाड पाइपच्या तुकड्याचा टेकू द्या आणि प्रेसवर दाबा.

विलीजच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, नवे स्टड घेताना तेवढं बघा. स्टडच्या हबमध्ये रुतणाऱ्या खाचांच्या भागाचा व्यासही व्हर्नियरने मोजून घ्या. आणि ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका हो, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.