अनुभव धागा: काम कोणाचं, नाव कोणाचं?

नातीचा जन्मदाखला हातात आला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं, म्हणून माझ्या लेकीचं नाव तिथं आहे. मी तो कागद तीनदा वाचला. शाळा, नोकरी, माग, शेत, पंचायत... काम तुमचं आणि नाव भलत्याचं, असं घडलं असेल तर लिहा. भाषण नको. पुरुषांनीही लिहा.

पाचपावलीची
घरी दोन हातमाग. आई पहाटे चारला उठून चरख्यावर कांड्या (आडव्या धाग्याच्या नळ्या) भरायची. बाबा मागावर बसायच्या आधी त्या तयार लागत. मधात स्वयंपाक, धुणी. साडी उतरली की मजुरी बाबांच्या नावावर, सोसायटीचे सभासद तेच. जनगणनेवाल्यानं विचारलं, "बाई काय करतात?" आईच म्हणाली, "काही नाही, घरीच असते." चरखा थांबवला नव्हता तिनं.

धागाकर्ती
यावरून आठवलं. १९५२ आणि १९५७ ला नागपूरनं अनसूयाबाई काळे यांना लोकसभेत पाठवलं. त्यानंतर इथून निवडून गेले ते सगळे पुरुष. २०२३ चा लोकसभा-विधानसभेत बायांसाठी एक तृतीयांश जागांचा कायदाही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतरच लागू होणार. म्हणजे परत तोच जनगणनेवाला!

काटोलकडची माजी सरपंच
२०११ पासून पंचायतीत बायांना निम्म्या जागा. आमच्या गावाला महिला आरक्षण सुटलं म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. पहिल्या सभेत हे खुर्चीवर, मी सतरंजीवर. ग्रामसेवक फाइल यांच्यापुढं ठेवायचा, मग मला म्हणायचा, "वहिनी, इथं सही." दीड वर्ष असंच. भांडून काही झालं नाही, खरं सांगते.

फिरलं ते पाण्यावरून. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्याकडं ती रजिस्टरातच व्हायची. मी खरंच बोलावली. चाळीसेक बाया आल्या, विषय बोअरवेलचा. तिथं यांना बसता येईना. ठराव मी लिहिला आणि मोठ्या सभेत मीच वाचला, कारण आत काय ठरलं हे यांना माहीतच नव्हतं. पुढच्या सभेला हे दाराशी उभे राहिले.

पाचपावलीची
काकू, राग नाही आला त्यांना?

काटोलकडची माजी सरपंच
आला न बाप्पा. दोन दिवस जेवले नाही.

हिंगणा एमआयडीसी
मेकॅनिकल डिप्लोमा. मी लागले तेव्हा कारखान्यात बायांना रात्रपाळी बंदच होती. पुढं परवानगी मिळाली, पण ने-आण आणि सुरक्षेची सोय करायच्या अटीवर. गाडीचा खर्च नको म्हणून मला दिवसपाळीतच ठेवलं. सुपरवायझर व्हायला तिन्ही पाळ्यांचा अनुभव लागतो. मी शिकवलेला पोरगा आज माझा साहेब आहे. चांगला आहे, अजूनही मला मॅडम म्हणतो.

एक भाऊ
लिहू की नाही, विचारच करून राहिलो होतो. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, हे मला वकिलाकडं कळलं, तेही ताईचं हक्कसोडपत्र करताना. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीपायी तिचं शिक्षण बारावीवर थांबलं होतं. मार्क तिला जास्त होते. सही करून ती म्हणाली, "झालं न आता?" सातबारा माझ्या एकट्याच्या नावावर आहे.

काटोलकडची माजी सरपंच
भाऊ, बक्षीसपत्र करून तिचा हिस्सा तिला परत देता येतो. पण या वेळी आधी ताईला विचारा.