टू-व्हीलरवर लहान मूल : तुमचे अनुभव लिहा

जास्वंद (पुणे)
मुलगी अडीच वर्षांची. घर धायरीला, पाळणाघर कर्वेनगरला, ऑफिस त्याच्याही पुढे. रिक्षा रोज परवडत नाही, सकाळच्या बसमध्ये मूल, डबा आणि लॅपटॉप घेऊन चढणं जमत नाही, चारचाकी नाही. तेव्हा स्कूटर आलीच. नातेवाइकांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, "आम्ही तुम्हाला लुनावर तिघातिघांना नेलं, काय झालं?" दुसरा म्हणतो, "एवढ्याशा लेकराला गाडीवर नेतेस, हिंमत कशी होते तुझी?" दोन्ही तटांना लांबून नमस्कार. मला ऐकायचंय ते तुम्ही प्रत्यक्ष काय करता ते. पुढे उभं करता की मागे बसवता? बेल्टचा उपयोग होतो का? हेल्मेट कसं निवडलंत? झोप लागली की काय करता? कायदा कोणाला नीट माहीत असेल तर तोही लिहा. उपदेश करायचाच असेल तर आधी अनुभव सांगा, मग करा.

जुना लुनावाला (सोलापूर)
तो पहिला तट म्हणजे आम्हीच. थोरला पुढे उभा, धाकटी मागे बायकोच्या मांडीत, भाजीची पिशवी हँडलला. काही झालं नाही हे खरं आहे. पण लुना होती पन्नास सीसीची. चढ आला की पेडल मारायचं आणि बायकोने उतरून चालायचं. रस्त्यावर सायकली, टांगे आणि अधूनमधून एखादी एसटी. आता माझा मुलगा त्याच रस्त्याने नातवाला घेऊन जातो तेव्हा दोन्ही बाजूंनी डंपर असतात. तेव्हा "आम्ही नेलं" हे वाक्य मी घरात तरी म्हणत नाही.

पान्हा (कोल्हापूर)
माझं गॅरेज हाय, त्यामुळं रोज बघतो ते सांगतो. आईबापास्नी वाटतं पोरगं पुढं असलं की डोळ्यासमोर हाय, म्हणजे सुरक्षित. गाडी चालवणाऱ्याच्या जिवाला बरं वाटतं एवढंच. करकचून ब्रेक लागला की पोराचं तोंड सरळ मीटरवर नाहीतर हँडलच्या दांडीवर, आन् मागनं सत्तर किलोचा बाप त्याच्या पाठीवर. सीटसमोर लावायची ती लोखंडी छोटी खुर्ची मिळते, ती बसवून द्या म्हणून लई गिऱ्हाईक येतं. मी आधी वळवून दाखवतो. हँडल पुरं वळवलं की पोराच्या गुडघ्याला अडतं. अडलं की मी बसवत नाही. दुसरीकडं जावा म्हणतो.

दुसरी गोष्ट ह्याहून मोठी. बिनगिअरची गाडी चालू ठिवून कधीबी उतरायचं नाही. आई दूध घ्यायला उतरते, पोरगं पुढं उभं, इंजिन चालू. पोराचा हात उजव्या मुठीवर जातोच, कारण बापाला तेच करताना बघितलेलं असतं. मूठ पिळली की गाडी पोरासकट दुकानात. असल्या गाड्या माझ्याकडं पुढचा भाग चेपून येतात. आताच्या बऱ्याच गाड्यांस्नी साइड स्टँड लावला की इंजिन बंद व्हायची सोय हाय, पण स्टँड लावलाच नाही तर ती काय करणार? चावी काढायची, खिशात टाकायची, मग उतरायचं.

वळणवाट (नवी मुंबई)
कायद्याचं मी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२८. चालकाशिवाय एकच माणूस, आणि तोही चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या सीटवर. कलम १२९ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट. डोक्याला पगडी असलेल्या शिखांना सूट आहे. चारच्या आतल्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२२ ला नियम १३८ मध्ये भर घातली गेली आणि ती वर्षभराने लागू होईल असं त्यातच लिहिलं होतं. त्यात तीन गोष्टी आहेत. मुलाला सेफ्टी हार्नेस. नऊ महिने ते चार वर्षे या वयात हेल्मेट, सायकलचं प्रमाणित हेल्मेटही चालतं. आणि गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत.

हार्नेस म्हणजे मुलाने घालायचं जाकीट. त्याचे पट्टे चालकाच्या खांद्यांवरून येतात, म्हणजे मूल चालकाला बांधलेलं असतं, गाडीला नाही. ते तीस किलोपर्यंत वजन पेलणारं हवं, असं नियमात आहे. आता गंमत बघा. आई, बाबा आणि मांडीतलं बाळ, हे जे चित्र आपल्या प्रत्येक सिग्नलला दिसतं, ते कलम १२८ च्या शब्दांत कुठेच बसत नाही. जादा माणसासाठी कलम १९४-सी मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. पोलीस बाळाकडे बघून सोडून देतात, ती त्यांची माणुसकी. कायद्याने सूट दिलेली नाही.

जास्वंद (पुणे)
वळणवाट, धन्यवाद. बेल्ट आणलाय. पहिले काही दिवस भयंकर रडारड झाली. मग तिच्या बाहुलीला ओढणीने माझ्या पाठीशी बांधलं आणि दोघी मिळून घरात गाडी-गाडी खेळलो, तेव्हा ती तयार झाली. एक लक्षात आलं की बेल्ट सैल असला तर काही उपयोग नाही, ती बसल्या जागी गोल फिरून मागची कुत्री बघते. आता दोन बोटं जातील इतका घट्ट करते. पण एक प्रश्न उरतोच. गाडी पडली तर ती माझ्यासोबतच पडणार ना?

बालरोगवाला (नाशिक)
हो, सोबतच पडेल. पण एकटी उडून पुढच्या चाकाखाली जाणार नाही, आणि झोपेत घसरणार नाही. बेल्टचं काम तेवढंच आहे.

डॉक्टर म्हणून थोडं लिहितो. जन्माच्या वेळी डोकं शरीराच्या लांबीच्या साधारण पाव भाग असतं, मोठ्या माणसात सातवा-आठवा भाग. त्यामुळे लहान मूल पडतं ते डोक्यावर. मानेचे स्नायू मात्र त्या मानाने कच्चे असतात, म्हणून मोठ्याचं जड हेल्मेट मुलाला घालणं हा उपाय नव्हे. खड्ड्यातून जाताना ते वजन मानेवर येतं, शिवाय सैल हेल्मेट डोळ्यांवर सरकतं. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४६ सेंटिमीटर असतो, चार वर्षांच्या मुलाचा पन्नासच्या आसपास. घरची शिवणाची टेप भुवयांच्या वरून फिरवून मोजा आणि तो आकडा घेऊन दुकानात जा. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ गाडीवर नेऊच नका, असं मी प्रत्येक आईला सांगतो. लसीच्या दिवशीसुद्धा रिक्षा करा.

अपघाताचा विचार सगळे करतात. माझ्या दवाखान्यात मात्र दोन वेगळ्याच गोष्टी जास्त येतात. एक, सायलेन्सरचा चटका, पोटरीला आतल्या बाजूने, बहुतेक वेळा उतरताना. मुलाला नेहमी डावीकडून चढवा, डावीकडूनच उतरवा. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट नको, हळद नको. दोन, मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या तारांत गेलेली टाच. पाय फूटरेस्टला पोहोचत नाही, तो लोंबकळतो, मूल पेंगतं आणि टाच आत जाते. साडीगार्ड "दिसायला वाईट" म्हणून काढून टाकणाऱ्या तरुण बापांनी हे जरूर वाचावं.

वऱ्हाडी ठसका (अमरावती)
झोपेचं मी सांगतो, कारण आमच्याइथे लग्नं रात्री उशिरापर्यंत चालतात आन् परतीचा रस्ता खेड्यातला. पोट्टं दहा मिनिटांत पेंगते. सायंकाळी तर गाडीच्या आवाजानंच डोळे मिटतात. आमची युक्ती अशी की पोराच्या डोक्यात हेल्मेट असते, आन् पेंगलं की ते माझ्या पाठीवर टकटक वाजते. टकटक झाली की गाडी बाजूला. पाणी मारायचं, उभं करायचं, चॉकलेट द्यायचं. तरी नाही जागलं, तर बायको मागं बसते, मधात पोट्टं, तिच्या अंगाशी बांधलेलं. ट्रिपलसीट होते ना भाऊ, माहीत आहे. रात्री अकराला आमच्या फाट्यावर रिक्षा कोठून आणू?

गाणी म्हणणं, पाढे विचारणं हे सगळं करून पाह्यलं. पाढे विचारले की लवकर झोपते.

मागची सीट (सातारा)
सगळे चालवणाऱ्याचंच लिहितायत. मी मागे बसणारी. साडी, एका बाजूला पाय, मांडीत बाळ, खांद्याला पर्स. दोन्ही हात बाळाला गुंतलेले, मग मला स्वतःला कशाने धरायचं? स्पीडब्रेकरला आमचे अहो वेग कमी करतात, पण खड्डा त्यांना दिसतो आणि मला नाही. त्यांनी दचकून ब्रेक लावला की मी आणि बाळ दोघं हवेत. शेवटी गाडीवर जाताना साडी नेसायची नाही, असं घरात जाहीर केलं. सासूबाई आठवडाभर गप्प होत्या. आता ड्रेस, दोन्हीकडे पाय, बाळ माझ्या पोटाशी झोळीत बांधलेलं, एक हात मागच्या दांडीला. आणि खड्डा दिसला की ह्यांनी मोठ्यांदा "खड्डा" म्हणायचं, हा करार. बाळाचा पहिला शब्द बहुतेक तोच असेल.

पतंगवाला (येवला)
आमच्याकडे संक्रांतीला गाव गच्चीवर असतं. त्या दिवसांत पोराला पुढे उभं करून गाडी चालवणं म्हणजे मांजासमोर त्याचा गळा धरणं. नायलॉन मांज्याला बंदी आहे, २०१७ मध्ये हरित लवादाने देशभर घातली, तरी दरवर्षी तो येतोच. तारेला, झाडाला अडकलेला मांजा सण संपल्यावरही कितीतरी दिवस लोंबत असतो. इथे बरेच जण जानेवारीत हँडलला लोखंडी सळईची उलटी यू-आकाराची कमान लावतात. वेल्डिंगवाला लगेच करून देतो. आम्ही त्या काळात मुलांना मागेच बसवतो, गळ्याला मफलर. थंडी असतेच, त्यामुळे मुलंही कुरकुर करत नाहीत.

माडाखाली (म्हापसा)
गोंयच्या पावसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जूनमध्ये मुलाला आपल्या रेनकोटच्या आत घेतात, बाहेरून नुसता फुगवटा दिसतो. आत त्याला दिसत काही नाही, हवा लागत नाही, कुठलं वळण येतंय ते कळत नाही, म्हणून तो नेमका उलट्या बाजूला कलतो. आमच्या वाटांना सरळ रस्ता असा नाहीच. मी त्याला वेगळा रेनकोट घेतला, डोकं बाहेर. भिजला तर भिजला, टॉवेल डिकीत असतो.

आणि पायलटबद्दल. म्हणजे इथली पिवळ्या-काळ्या रंगाची भाड्याची मोटारसायकल. कडेवर मूल घेऊन स्टँडवर गेले तर एका वयस्क पायलटाने सरळ सांगितलं, "बाय, बस येतली, रावून घे." म्हणजे थांब, बस येईल. आलेलं भाडं सोडलं बापड्याने.

वाडीवरचे गुरुजी (बीड)
डॉक्टर, तुमचं हेल्मेटचं माप वाचलं. चांगलं आहे. आमच्या वाड्यांवरची माणसं दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला निघतात. टोळी ट्रॅक्टर-ट्रकने जाते, पण मागाहून जाणारे मोटारसायकलवरच. नवरा, बायको, दोन लेकरं, भांड्याची गोणी. कारखाना दीडशे-दोनशे किलोमीटर लांब. प्रवास रात्रीचा, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्यांना मी चाळीसचा वेग काय सांगू? मी एवढंच करतो की निघायच्या आधी घरी जाऊन म्हणतो, पोरं इथं हंगामी वसतिगृहात ठेवा, नाहीतर निदान एसटीने पाठवा. काही ऐकतात. गोणीच्या मागे लाल चमकपट्टी मी स्वतः चिकटवतो. बाकी ह्या धाग्यात ट्रिपलसीटवर जे वाद चाललेत, त्यात माझ्या गावातल्या माणसाला मत द्यायलाही सवड नाही.

सिडनीकर
इथे न्यू साउथ वेल्समध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसवता येत नाही. साइडकार असेल तर चालतं. मुलाला हा नियम सांगितल्यावर तो दिवस मोजत बसलाय. साइडकार म्हटल्यावर सांगलीचे आमचे शेजारी आठवले. बजाजच्या स्कूटरला त्यांनी साइडकार जोडली होती, त्यात दोन मुलं आणि आजी. वळताना आजी देवाचं नाव घ्यायची.

पान्हा (कोल्हापूर)
साइडकार लावायची तर आधी आरटीओत इचारा, वाहनात परस्पर बदल चालत नाही. आन् वळण शिकल्याबिगर चालवू नका. डावीकडं वळताना साइडकारचं चाक उचलतंय. आजीचं काय चुकलं नव्हतं.

जास्वंद (पुणे)
सगळ्यांचे आभार, गुरुजी तुमचे विशेष. पुढे उभं करणं आजपासून बंद. नवऱ्याशी त्यावरून काल वाजलं, त्याला पान्हा यांचा प्रतिसाद वाचायला दिला. शेवटचा प्रश्न, जूनपासून शाळा आहे. दप्तर कुठे ठेवता?

मागची सीट (सातारा)
पाठीवर नको. मोठ्या पुतणीचं बघितलंय, दप्तर सीटवर टेकतं, मूल पुढे ढकललं जातं, नाहीतर चढावर वजन मागे ओढतं. शिवाय दप्तरावरून बेल्ट नीट बसत नाही. स्कूटरला पुढे हुक आहे तिथे अडकवा, पण दप्तराचे बंद लोंबत ठेवू नका. पाण्याची बाटली डिकीत.