खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशांचं विचित्र वागणं: काय दिसलं, कारण काय निघालं

प्रवाळवेडा
परवा इथेच कुणीतरी घाबरून विचारलं होतं, "रॉयल ग्रामा कपारीत उलटा पोहतोय, गेला का?" ते वाचून निरीक्षणांची जुनी वही बाहेर काढली. ग्रामा ज्या खडकाजवळ असेल त्याच्याकडे पोट करून पोहतो. कपारीच्या छताखाली गेला की उलटा दिसणारच. तोच मोकळ्या पाण्यात उलटा तरंगला तर मात्र प्रकरण गंभीर. हा फरक माहीत नसला की निरोगी माशावर औषधांचा मारा होतो आणि आजारी मासा तसाच राहतो. म्हणून हा धागा. काय दिसलं आणि त्यामागे काय होतं, एवढं लिहा.
सुरुवात मी करतो. काहीही वेगळं दिसलं की आधी कल्ल्यांची उघडझाप मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. मासा धडधाकट असतानाचा आकडा आधीच लिहून ठेवलेला हवा, कारण प्रत्येक जातीचा वेगळा असतो. मग बघा, एकच मासा बिघडलाय की सगळे. सगळे एकदम बिघडले तर पाणी तपासा. एकटाच असेल तर आजार, नाहीतर त्याला कुणीतरी छळतंय.

भरतीओहोटी
छान धागा. "सगळे एकदम"वर लिहितो.
पहाटे दिवे लागायच्या आधी सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे आणि दुपारी पुन्हा ठणठणीत, असं दिसलं तर ऑक्सिजन कमी पडतोय. रात्री शेवाळ आणि कोरल ऑक्सिजन बनवत नाहीत, नुसता वापरतात. त्यात खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो: २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) खाऱ्या पाण्यात ६.७ च्या आसपास. तापमान चढलं की आणखी कमी. पॉवरहेडचं (टाकीत पाणी ढकलणाऱ्या पंपाचं) तोंड वर करा, पृष्ठभाग हलताना दिसला पाहिजे. वर तेलकट साय धरली असेल तर ओव्हरफ्लोची (वरचं पाणी बाहेर सांडतं त्या तोंडाची) जाळी तुंबलीय का बघा. स्किमर (बुडबुड्यांनी घाण फेसात काढणारं यंत्र) रात्रीचा बंद ठेवू नका. संपमध्ये (खालच्या जोडटाकीत) शेवाळाचा कप्पा असेल तर त्याचा दिवा मुख्य टाकी अंधारात असताना लावा.
आणि बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. वीज गेल्यावर फिल्टरपेक्षा ऑक्सिजन आधी संपतो.

शिंपली_०७
+१. यात भर: खोलीत झुरळांचा फवारा मारला की स्किमर आणि एअर पंप तीच हवा पाण्यात ओढतात. आधी पंपाची नळी खिडकीबाहेर. वाळूचा जाड थर उकरल्यावर सडक्या अंड्यांचा वास आला तर हात थांबवा, भरपूर हवा सोडा, कार्बन (घातक द्रव्यं शोषणारा कोळसा) लावा आणि पाणी बदला.

केशरी_पट्टा
क्लाऊनफिश झटके आल्यासारखा थरथरतो त्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. तो आजार नव्हे. धाकटा मोठीपुढे शरणागती पत्करतो. जोडीतला मोठा मासा मादी असतो, ती मेली तर नर स्वतः मादी होतो. दोघं मिळून एखादा दगड तोंडाने घासून साफ करायला लागले तर अंडी येणार समजा. मग हात घालताना सांभाळा, चावतात!

निळाई
अगदी अगदी. आणि रात्री कोपऱ्यात तिरके होऊन झोपतात ते पाहून पण लोक घाबरतात.
रात्रीचे रंगही वेगळेच असतात. पिवळा टँग फिकट होतो, अंगावर पांढरट पट्टा उमटतो. फॉक्सफेस तर राखाडी-तपकिरी चट्ट्यांचा होतो, मेल्यासारखा दिसतो. दिवे लागल्यावर थोड्या वेळात मूळ रंग येतो. भर दिवसा तो चट्टेरी राहिला तर कशाला तरी घाबरलाय. त्याच्या काट्यांना विष असतं, त्याला हाताने धरू नका.

सागरिका
मध्येच विचारते, माफ करा. टँग सकाळपासून पॉवरहेडच्या झोतात तोंड खुपसून उभा आहे. काल संध्याकाळपासून काही खाल्लं नाही. अंगावर ठिपके नाहीत. कल्ले मिनिटाला १४० च्या वर. बाकीचे मासे ठीक. अमोनिया शून्य. काय करू?

प्रवाळवेडा
ताई, वाट बघू नका. झोतात उभं राहणं, वेगाने श्वास आणि खाणं बंद, हे तिन्ही एकत्र म्हणजे वेल्व्हेट (परजीवीचा आजार) धरून चाला. तो परजीवी आधी कल्ल्यांत बसतो, म्हणून ठिपके दिसायच्या आत मासा दगावू शकतो. खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड अंगावर तिरका पाडा, पिठीसारखी सोनेरी भुकटी दिसली तर खात्रीच. न दिसली तरी थांबू नका.
आजच वेगळी टाकी लावा: हीटर, एअरस्टोन, लपायला पीव्हीसीचे एल्बो (पाइपांचे वाकडे तुकडे). वाळू आणि दगड नको, ते औषधाचं तांबं शोषतात. कार्बनही काढा. चिलेटेड तांबं एक-दोन दिवसांत २.२५ ते २.५ पीपीएमपर्यंत (लिटरला मिलिग्रॅम) न्या आणि तिथेच ३० दिवस ठेवा. रोज मोजा; पातळी खाली आली तर उपचार वाया, फार वर गेली तर माशालाच बाधतं. मुख्य टाकीत तांब्याचा थेंबही नको, कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं जाईल.
बाकीचे मासे ठीक दिसले तरी तेही बाहेर काढायचे. मुख्य टाकी माशांविना ७६ दिवस, म्हणजे व्हाइट स्पॉट या दुसऱ्या परजीवीचाही बंदोबस्त होतो.

भरतीओहोटी
एक महत्त्वाचं राहिलं: अमोनिया बांधणारं कंडिशनर (पाणी सुधारायचं द्रावण) तांब्यासोबत घालू नका, तांबं जास्त विषारी होतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला, नव्या पाण्यात तेवढंच तांबं आधी मिसळून.

सागरिका
खूप आभार. टाकी भरायला घेतली.

केशरी_पट्टा
धीर धरा ताई, वेळेत दिसलंय.

कल्लाकार
दगडावर अंग घासण्याबद्दल. दिवसातून एखाद्या वेळी घासला तर सोडून द्या. सारखं घासणं, डोळे धुरकट आणि डोकं झटकणं असेल तर फ्लूक्सचा (अंगाला चिकटणाऱ्या चपट्या कृमींचा) संशय घ्या. गोड्या पाण्याची डुबकी देऊन कळतं: आरओ पाणी, तापमान टाकीइतकंच, खायच्या सोड्याने पीएच टाकीशी जुळवलेला, अर्धा तास हवा सोडलेली. गडद रंगाचं भांडं घ्या. पाच मिनिटांत तिळासारखे पांढरे ठिपके तळाशी पडले तर फ्लूक्सच. मासा सुरुवातीला आडवा पडतो, धास्तावू नका, पण श्वास थांबतोय असं वाटलं तर लगेच बाहेर.
डुबकीने पुरतं बरं होत नाही. प्राझिक्वांटेल (कृमींचं औषध) लिटरला २.५ मिलिग्रॅम, आठवड्याने पुन्हा, कारण पहिल्या मात्रेत अंडी मरत नाहीत. त्या काळात स्किमर बंद असतो, म्हणून एअरस्टोन दुप्पट.

शिंपली_०७
@कल्लाकार, पीएच सोबत खारटपणाही मोजताना लोक रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करतात. ३५ पीपीटीच्या द्रावणावर करा. नाहीतर १.०२६ (सापेक्ष घनता) दिसतं आणि असतं वेगळंच, आणि आपण माशाचं वागणं तपासत बसतो.

निळाई
अवांतर नाही हे, अगदी मुद्द्याचं.
नवा रॅस मासा आणला आणि दुसऱ्या दिवसापासून गायब, यावर इतके प्रश्न येतात! बऱ्याच जाती वाळूत झोपतात, नव्या टाकीत चार-पाच दिवस वर येत नाहीत. वाळू किमान पाच सेंटिमीटर हवी, बारीक. शोधायला उकरू नका. काही जाती रात्री स्वतःभोवती चिकट बुळबुळीत पिशवी विणतात, ती बुरशी नव्हे.

केशरी_पट्टा
आणि कोळंबीसमोर तोंड उघडून डोकं वर करून उभा राहणारा टँग? ती कोळंबीकडून अंग साफ करून घ्यायची रांग. कल्ले संथ चालत असतील तर बघत बसा, सुंदर दिसतं.

भरतीओहोटी
पण सारखाच तिथे जाऊन उभा राहत असेल तर अंगावर काहीतरी आहे. तेव्हा डुबकी.

कल्लाकार
रॅसवरून आठवलं, झाकण कुणाचं कसलं? फायरफिशसुद्धा उडी मारतो.

निळाई
६ मिलिमीटरची पारदर्शक जाळी, चौकटीत ताणून. काच नको, हवा खेळत नाही. पॉवरहेडच्या वायरीची खाच फोमने बुजवा, मासे तिथूनच निसटतात. आणि दिवे एकदम बंद करू नका, अर्ध्या तासात हळूहळू उतरवा. अचानक अंधार झाला की जास्त उड्या.

सागरिका
टँग नव्या टाकीत गेला. तांबं आत्ता १.५ पीपीएम. एल्बोत शिरून बसलाय, कल्ले १२०. बाकीच्यांना पकडताना दगड हलवावे लागतील का?

प्रवाळवेडा
आधी पाणी निम्म्यावर उतरवून बघा, ते पाणी ड्रममध्ये साठवून ठेवा. रात्री बॅटरीच्या उजेडात झोपलेले मासे सहज हाती लागतात. दगड अगदीच नाइलाज झाला तर, आणि कोरल पाण्याबाहेर राहतील ते शक्य तितक्या थोड्या वेळासाठी.